हवाई लढाईचे खेळ: विमान निवडण्याआधी नकाशा वाचायला शिका

नाशिकजवळच्या ओझरहून सुखोई उठलं की पंचवटीपासून पिंपळगावपर्यंत लोकांच्या माना वर होतात. त्या आवाजात वाढलेली पोरं ऑनलाइन हवाई लढाईचा खेळ डाउनलोड करतात, यादीतलं सगळ्यात वेगवान विमान घेतात, नाक सरळ शत्रूकडे करतात आणि चौथ्या मिनिटाला जमिनीत जातात. मग विमान बदलतात आणि पुन्हा तेच. आठवड्याभरात निकाल लागतो: "गेमच भंगार आहे."

दोष बहुतेक वेळा विमानाचा नसतो. दोन धावपट्ट्यांत अंतर किती आहे, मध्ये डोंगर आहे का, समोरचा कशासाठी उडतोय, हे न बघता उडालं की असंच होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत विमानांची यादी उशिरा येते आणि नकाशा आधी.

१. आधी सामान जमवा

- कंप्युटर आणि एसएसडी. वॉर थंडर, डीसीएस आणि आयएल-२ हे हवाई लढाईचे खेळ. त्यातला वॉर थंडर साध्या मशीनवरही चालतो. डीसीएस मात्र शंभर जीबीहून जास्त जागा खातो, आणि हार्ड डिस्कवर टाकलात तर नकाशा उघडेपर्यंत चहा होतो.
- माउस किंवा जॉयस्टिक. सुरुवातीला माउस पुरतो. जॉयस्टिक घेणार असाल तर दांडी पिळून रडर (शेपटीची उभी फळी) फिरवता येईल अशीच घ्या, नाहीतर पायाचे पेडल वेगळे घ्यावे लागतात.
- लॅनची वायर. वायफायवर खेळू नका.
- राउटर आणि कंप्युटर दोन्हींना यूपीएस.
- मान वळवायची सोय. कॉकपिटमधून खेळायचं असेल तर साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर पुरे.
- वही आणि पेन्सिल. थट्टा नाही. तिसऱ्या पायरीला लागणार आहे.

यूपीएसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू असलेला कंप्युटर तेवढे वॅट सहज ओढतो, आणि मग लाइट जाताच यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडवर असेल तर लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात कंप्युटर रीस्टार्ट होतो. पंख्याला तो फरक कळत नाही, कंप्युटरला कळतो.

जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे दांडी हलूनही विमान हलत नाही तो मधला भाग, ३ ते ५ टक्के ठेवा. शून्य ठेवलात तर हात सोडल्यावरही विमान डुलत राहतं. जुन्या स्वस्त जॉयस्टिकवर विमानाचं नाक आपोआप उडायला लागलं तर दांडीची जागा मोजणारा आतला पोटेन्शियोमीटर झिजलाय असं समजा. हॉल सेन्सरवाल्या दांड्यांना हा रोग होत नाही.

इंटरनेटचा वेग इथे फारसा लागत नाही, कमी पिंग लागतो, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. हिशोब करून बघा. ताशी ५०० किलोमीटरने जाणारं विमान एका सेकंदात १३९ मीटर कापतं. २०० मिलिसेकंदांच्या उशिरात ते २८ मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे बीएफ-१०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या जवळजवळ तीन लांब्या. खेळ हा फरक बराचसा सांभाळून घेतो, पण पिंग सतत वर-खाली होत असेल किंवा डेटाची पॅकेट वाटेत गळत असतील तर समोरचं विमान बेडकासारख्या उड्या मारताना दिसतं. स्थिर १५० चालेल, पण ६० वरून ३०० आणि परत ६० असा झोका चालणार नाही. सर्व्हर निवडायची सोय असेल तर तीन-चार सर्व्हर रात्री नऊच्या सुमारास तपासा. दुपारचा आकडा फसवा असतो.

२. खेळापेक्षा मोड महत्त्वाचा

वॉर थंडर मोफत आहे आणि सुरुवातीला तोच बरा. त्याचे तीन मोड म्हणजे जवळजवळ तीन वेगळे खेळ आहेत. आर्केडमध्ये विमान हवेतच सुरू होतं, गोळ्या हवेतच परत भरतात आणि एक पाडलं तर दुसरं मिळतं. रिअलिस्टिकमध्ये लढाऊ विमान धावपट्टीवरून उठतं, एका सामन्याला एकच विमान, गोळ्या संपल्या तर परत उतरायचं. सिम्युलेटरमध्ये फक्त कॉकपिट. शत्रूच्या डोक्यावर नावाची पाटी नाही, आपला कोण आणि परका कोण ते पंख बघून ओळखायचं.

नवख्याने आर्केडमध्ये आठवडाभर हात साफ करावा आणि तिथून निघावं. जास्त रमलात तर सवय बिघडते: उंचीची किंमत कळत नाही, कारण ती फुकट मिळत असते.

डीसीएसकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच्यासोबत मोफत मिळणारं टीएफ-५१ हे विमान सुंदर आहे, पण त्याला बंदुका नाहीत. दुसरं मोफत विमान सु-२५टी, ते जमिनीवरच्या माऱ्यासाठी. म्हणजे हवाई लढतीसाठी पैसे मोजावे लागतात. मात्र बहुतेक विमानं १४ दिवस चाचणीसाठी घेता येतात, ती आधी वापरून बघा. कॉकेशस आणि मारियाना हे दोन नकाशे मोफत आहेत आणि वर्षभर पुरतील.

आयएल-२ मालिका या दोघांच्या मधली. दुसऱ्या महायुद्धातलीच विमानं हवी असतील आणि बटणांचं पुस्तक पाठ करायचं नसेल, तर ती.

३. अंतर मोजा

हीच खरी पायरी, इथे घाई करू नका.

सामना उघडला की नकाशा मोठा करा आणि आपल्या धावपट्टीपासून शत्रूच्या सगळ्यात जवळच्या धावपट्टीपर्यंतचं अंतर काढा. नकाशावर चौकोन आखलेले असतात, एका चौकोनाची बाजू किती किलोमीटर ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. हा एक आकडा लढाई किती उंचीवर होणार ते सांगतो.

कसं ते आपल्याच भागावर बघू. वहीवर तीन ठिपके काढा: ओझर विमानतळ, नाशिकमधल्या गांधीनगरची धावपट्टी आणि शिर्डी विमानतळ. ओझर ते गांधीनगर हवाई अंतर सुमारे २० किलोमीटर, ओझर ते शिर्डी सुमारे ७०.

आता दुसऱ्या महायुद्धातलं सर्वसाधारण लढाऊ विमान घ्या. चढताना ते ताशी २७० किलोमीटरने पुढे जातं आणि सेकंदाला १५ मीटर वर जातं असं धरू. ताशी २७० म्हणजे मिनिटाला साडेचार किलोमीटर.

पहिला सामना ओझर विरुद्ध गांधीनगर. दोघंही सरळ एकमेकांकडे चढत निघाले तर दहा-दहा किलोमीटरवर, आडगावच्या आसपास, गाठ पडेल. त्याला २ मिनिटं १३ सेकंद लागतात. तोवर उंची मिळते २००० मीटर.

दुसरा सामना ओझर विरुद्ध शिर्डी. प्रत्येकाला ३५ किलोमीटर, म्हणजे पावणेआठ मिनिटं. कागदावर उंची ७००० मीटर येते, पण वर हवा विरळ झाली की चढ मंदावते, म्हणून ५००० च्या आसपास धरा.

विमानं तीच आणि खेळाडूही तेच, पण या दोन लढाया एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. २००० मीटरवर याक-३ राजा आहे: हलकं, भरलेलं वजन पावणेतीन टनांच्या आत, खालच्या हवेत इंजिन जोरात. पी-४७ तिथे सहा टनांहून जास्त वजन घेऊन धापा टाकतं, कारण त्याचा टर्बोसुपरचार्जर (इंजिनाला हवा दाबून देणारं यंत्र) सहा-सात हजार मीटरवर रंगात येतो. ओझर-शिर्डीसारख्या नकाशावर बाजी उलटते. नवखा पहिल्या नकाशावर पी-४७ घेऊन मरतो आणि "पी-४७ बेकार" म्हणतो. दुसऱ्या नकाशावर याक घेऊन मरतो, तेव्हा याक बेकार.

अंतर कमी असेल आणि तरी उंची हवी असेल तर सरळ जाऊ नका. धावपट्टी सोडल्यावर शत्रूच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला वळा आणि चढत राहा. २० किलोमीटरच्या नकाशावर मधल्या रेषेपर्यंत पोहोचायला १३३ सेकंदांऐवजी १८८ सेकंद लागतात, आणि त्या ५५ सेकंदांत ८०० मीटर जास्त मिळतात. याला साइड क्लाइंब म्हणतात. नवखे हे करत नाहीत, कारण बाजूला जाताना आपण पळतोय असं वाटतं. वाटू द्या.

ते ८०० मीटर काय कामाचे? १००० मीटरचंच गणित बघा. ताशी ४०० ने उडणारं विमान १००० मीटर खाली सूर मारतं तेव्हा, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, त्याचा वेग ताशी ६४० च्या घरात जातो. गंगापूर धरणात पाणी अडवून ठेवतात तशी ही उंची साठवलेली असते, हवी तेव्हा सोडायची. खालच्याकडे सोडायला काहीच नसतं.

४. उंची कुठून मोजलेली आहे?

विमानातला उंचीचा काटा समुद्रसपाटीपासून मोजतो. जमीन किती खाली आहे ते तो सांगत नाही.

नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आहे. काटा २००० दाखवत असेल तर शहरावर तुमच्या खाली १४०० मीटर मोकळी हवा आहे. तेच विमान कळसूबाईवर नेलं, तर शिखर १६४६ मीटर, म्हणजे खाली साडेतीनशे मीटर उरतात. त्यात नाक खाली करून वळलात तर लढाई संपली. कॉकेशस किंवा कुठल्याही डोंगरी नकाशावर नवख्यांची कितीतरी विमानं शत्रूच्या गोळीने नाही, डोंगराने पडतात. म्हणून उड्डाणाआधी आपल्या मार्गावरचं सगळ्यात उंच शिखर बघा आणि त्यात ५०० मिळवा. त्या आकड्याखाली विमान उलटं करून खाली वळायचं नाही.

"त्यांची धावपट्टी डोंगरावर आहे, आमची खाली, हा अन्याय आहे" ही तक्रार चॅटमध्ये नेहमीची. तिचाही हिशोब करू. कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढला की सुमारे ३०० मीटर उंची वाढते. सेकंदाला १५ मीटरने ही चढ फक्त २० सेकंदांची आहे. उलट मधल्या रेषेपर्यंत एका बाजूला ५ किलोमीटर जास्त मिळाले तर त्या बाजूला ६७ सेकंद, म्हणजे १००० मीटर जास्त मिळतात. तेव्हा भांडायचंच असेल तर अंतरावरून भांडा. डोंगराचा खरा उपयोग वेगळा आहे: त्याच्या आडून खालून येणारं विमान ना डोळ्यांना दिसतं ना रडारला.

५. नकाशावर आणखी चार गोष्टी

सूर्य: सामन्याची वेळ सकाळची असेल तर पूर्वेकडून येणाऱ्याला समोरचे बघूच शकत नाहीत. ढग: थर किती उंचीवर आहे ते पाहा, खाली पळायची जागा तीच. विमानविरोधी तोफा: शत्रूच्या धावपट्टीभोवती त्यांचं कडं असतं, त्यात पाठलाग करत शिरू नका.

चौथी गोष्ट गर्दी. ही नवख्यांच्या लक्षातच येत नाही. नकाशावर ६० धावपट्ट्या आणि खेळाडू ४०, तर तासभर उडूनही कोणी भेटणार नाही. तोच नकाशा ४०० जणांना लहान पडतो. ऑनलाइन खेळांत नकाशा आवडतो की नाही हे बऱ्याचदा त्याच्या रचनेपेक्षा त्या वेळी किती जण आहेत यावर ठरतं. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा युरोपात संध्याकाळ असते, म्हणून युरोपच्या सर्व्हरवर तेव्हा झुंबड. सकाळी सहाला तोच नकाशा ओसाड.

६. समोरचा कशासाठी खेळतोय

एकाच आकाशात चार-पाच पठडीचे लोक असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. कोण कुठल्या पठडीतला हे ओळखता आलं तर तो पुढे काय करील ते आधीच कळतं.

*झुंबडवाले.* इंग्रजीत फरबॉल म्हणतात. दहा-पंधरा विमानं एका जागी गुंतलेली, प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेपटीवर. यांना वळणारं विमान लागतं: झिरो, स्पिटफायर, याक. यांना मरणाची फिकीर नसते, कारण धावपट्टी जवळ असते आणि दोन मिनिटांत परत येता येतं. म्हणून यांना छोटा, जवळजवळ धावपट्ट्यांचा नकाशा आवडतो. वळणाचं गणित त्यांच्या बाजूने आहे: ४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोर) ओढून ताशी ४०० ने वळलात तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ३२५ मीटर येते, ताशी ६०० ने वळलात तर ७३०. हळू जाणारा आत वळतो. पण हळू झालेल्याला पळता येत नाही, आणि यांचं मरण तिथेच आहे.

*झडप घालणारे.* बूम अँड झूम. वरून येतात, एकदा गोळी झाडतात, लागो न लागो, परत वर. पी-४७, एफडब्ल्यू-१९०, पी-५१. ओझरला ज्याची जुळणी व्हायची आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झालं, ते मिग-२१ ही याच स्वभावाचं. त्याचे त्रिकोणी (डेल्टा) पंख जोरात वळलं की वेग खाऊन टाकतात, म्हणून त्याने वळणाच्या नादाला लागूच नये. या पठडीला मोठं अंतर हवं. झुंबडवाले यांना भित्रे म्हणतात. त्यात तथ्य नाही, पण चॅटमध्ये हे वाचायची तयारी ठेवा.

*मुलूख जिंकणारे.* यांना विमानं पाडण्यात रस नाही, धावपट्टी ताब्यात घ्यायची असते. एसेस हाय या जुन्या खेळात हे छान दिसतं. तिथे दोन नव्हे, तीन पक्ष असतात आणि नकाशा २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या चौकोनांत आखलेला. तळ घ्यायचा तर आधी गाव पाडायचं, तोफा बंद करायच्या, आणि मग सी-४७ या मालवाहू विमानातून किंवा गाडीतून आणलेले दहा सैनिक नकाशाघरात (मॅप रूम) जिवंत पोहोचवायचे. नऊ पोहोचले तर मेहनत वाया. हे एकट्याचं काम नाही, म्हणून ही मंडळी टोळीने येतात आणि जिथे कोणी नाही तिथे येतात. झुंबडवाल्यांचा राग इथेच: "रिकामा तळ घेण्यात कसली मर्दुमकी?" मुलूखवाल्यांचं उत्तर: "तुम्ही दोन तास गरगर फिरलात, नकाशावर काय बदललं?"

*बॉम्बरवाले.* शांत माणसं. वॉर थंडरच्या रिअलिस्टिकमध्ये यांचं विमान हवेतच सुरू होतं, त्यामुळे उंची आयती मिळते. यांना एकट्याने गाठलंत तर सरळ मागून जाऊ नका, शेपटीतला तोफची तेवढंच मागत असतो. बाजूने आणि वरून या.

*तळावर घिरट्या घालणारे.* व्हल्चिंग. उडू पाहणाऱ्याला धावपट्टीवरच मारायचं. मुलूख जिंकताना हे गरजेचं असतं, एरवी हे नुसतं गिधाडपण. अशा तळावरून उडायचा हट्ट करू नका. मागच्या तळावरून उडा आणि उंची घेऊन या, गिधाड खाली आणि हळू असतं.

नकाशा बनवणाऱ्याची खरी कसोटी ही की या सगळ्यांना एकाच कागदावर जागा द्यायची. अंतर कमी ठेवलं तर मुलूख जिंकायला मजा नाही, दर दोन मिनिटांना बचाववाले हजर. अंतर वाढवलं तर झुंबडवाले वीस मिनिटं नुसते उडतात आणि कंटाळून बाहेर पडतात. म्हणून चांगल्या मोठ्या नकाशावर मध्यभागी जवळजवळच्या तळांचं एक कुंड असतं. तिथे ज्यांना भांडायचंय ते भांडतात आणि कडेला लांबचे तळ मुलूखवाल्यांसाठी राहतात. काही नकाशांत तर रणगाड्यांसाठी वेगळी दरी ठेवतात. असं कुंड दिसलं की समजा, नकाशा जाणकाराने आखलाय.

७. आता विमान

अंतर ३० किलोमीटरच्या आत: वळणारं किंवा खालच्या हवेत जोर असलेलं. ३० ते ५०: दोन्ही चालेल, पण साइड क्लाइंब कराच. ५० च्या वर: ज्याचं इंजिन उंचीवर टिकतं ते.

पेट्रोल पूर्ण भरू नका. जवळच्या नकाशावर वीस-तीस मिनिटांचं पुरे. पी-५१ सारख्या लांब पल्ल्याच्या विमानात टाकी भरून निघालात तर पहिली पंधरा मिनिटं तुम्ही टँकर उडवत असता. बंदुकांचं कन्व्हर्जन्स, म्हणजे दोन्ही पंखांतल्या गोळ्या जिथे एकत्र येतात ते अंतर, ३०० ते ४०० मीटरवर ठेवा आणि गोळी त्याहून लांबून झाडू नका. नवखा ८०० मीटरवरून पट्टा रिकामा करतो.

८. पहिली दहा उड्डाणं

पहिल्या तीन उड्डाणांत कोणालाही मारायचं नाही. उडा, साइड क्लाइंब करा, ठरवलेली उंची गाठा, वरून बघा कोण कुठे गुंततंय, परत येऊन उतरा. उतरणं आलं पाहिजे. रिअलिस्टिकमध्ये जो उतरू शकतो त्याला एका विमानात दोनदा गोळ्या मिळतात.

पुढच्या चार उड्डाणांत नियम एकच: आपल्यापेक्षा खाली असलेल्यावरच जायचं, एक झडप घालायची आणि वर यायचं. त्याच्या मागे वळायचं नाही. बोटं शिवशिवतील.

शेवटच्या तीन उड्डाणांत कोणाबरोबर तरी जोडीने उडा. आवाजावर बोलायची पद्धत ठरवून घ्या: चौकोन, किती, काय, उंची, कुठे चाललेत. "भाऊ, डी-४, दोन एकशेनव्वद, साडेतीन हजार, दक्षिणेला" (एकशेनव्वद म्हणजे एफडब्ल्यू-१९०) एवढं तीन सेकंदांत होतं. "अरे इकडे ये ना, हा बघ, हा बघ मागे!" याने कोणी वाचत नाही. कोणाच्या मागे, कुठल्या इकडे?

९. हमखास होणाऱ्या चुका

समोरासमोर गोळीबार. दोन विमानं एकमेकांकडे ताशी ५०० ने येत असली तर मधलं अंतर सेकंदाला २७८ मीटरने कमी होतं, त्यात कौशल्याला वावच नाही, नाणं उडवण्यासारखं आहे. किलोमीटरभर आधीच थोडं बाजूला व्हा.

जमिनीपर्यंत पाठलाग. तुम्ही ३००० वर राजा होता, त्याने सूर मारला, तुम्ही मागे गेलात, आता दोघं १०० मीटरवर. तुमची सगळी कमाई त्याने एका सुरात खर्च करून घेतली आणि वर त्याचे दोन भाऊ आहेत.

सुरात दांडी जड होणं. बीएफ-१०९ ताशी साडेसहाशेच्या पुढे गेलं की नाक उचलायला तयार नसतं. झिरोचे आयलरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) तर त्याहून बरेच आधी घट्ट होतात. इंजिन कमी करा, ट्रिम (दांडीवरचा जोर हलका करायची सोय) वापरा, आणि हे सगळं जमीन जवळ येण्याआधी.

मागे न बघणं. दर दहा सेकंदांना मान वळवा. मारायला गेलेला माणूस मारताना सगळ्यात आंधळा असतो.

१०. सरावाचा नकाशा स्वतः आखा

डीसीएसमध्ये मिशन एडिटर सोबतच येतो. कॉकेशसवर बाटुमी आणि कोबुलेती या दोन धावपट्ट्या घ्या. अंतर सुमारे ४० किलोमीटर, एडिटरमधल्या मोजपट्टीने स्वतः मोजून बघा. चाचणीवर घेतलेलं एक लढाऊ विमान एका धावपट्टीवर ठेवा, कंप्युटर चालवणारं शत्रूचं तसंच विमान दुसऱ्या धावपट्टीवर, त्याचं कौशल्य मधलं. दोघांनाही जमिनीवरूनच सुरू करा, हवेतून नाही.

तीन लढती खेळा आणि वहीत फक्त दोन आकडे लिहा: पहिली गाठ कितव्या मिनिटाला पडली आणि तेव्हा तुमची उंची किती होती. मग शत्रूला कोबुलेतीवरून काढून सेनाकीला न्या, अंतर जवळजवळ दुप्पट होईल. बाकी काही बदलू नका, विमानही नाही. पुन्हा तीन लढती, पुन्हा तेच दोन आकडे.